हसरा हेल्मेटवाला

मंडळी, आजचा विषय जरा हलका वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आहे मीम. म्हणजे एखादं साधं, कोणाच्या खिजगणतीत नसलेलं चित्र अचानक सगळ्यांच्या मोबाइलवर कसं काय फिरायला लागतं?

आधी थोडं ज्ञान पाजळून घेतो. स्टॉक चित्र हे रेडीमेड शर्टासारखं असतं. कोणा एकाच्या मापाचं नसतं, म्हणून बहुतेकांना होतं. आयस्टॉक २००० साली सुरू झालं, शटरस्टॉक २००३ साली, आणि चित्रं अशी गठ्ठ्यानं मिळायला लागली. काढणाऱ्याला माहीत नसतं की गिऱ्हाईक कोण. बँक असेल, क्लासवाला असेल, नाहीतर दवाखाना. म्हणून तो चित्रातून गाव काढून टाकतो, भाषा काढून टाकतो, राग-लोभ काढून टाकतो. उरतं काय? एक हसू आणि वर केलेला अंगठा.

मीमला नेमकी हीच रिकामी जागा लागते. मैत्रिणीचा हात धरून दुसरीकडेच वळून बघणारा तो पोरगा आठवतोय ना? तो स्टॉक फोटो. आंतोनियो गिलेम नावाच्या स्पॅनिश फोटोग्राफरनं २०१५ मध्ये काढलेला, आणि जगभर पेटला २०१७ मध्ये. तीन माणसं, म्हणजे तीन रिकाम्या पाट्या: मी, मला जे करायला हवं ते, आणि मला जे खुणावतंय ते. बास, भरा काय भरायचं ते.

हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘आदर्श बालक’चा तक्ता मिळायचा, आठवतो? लवकर उठणारा, आईवडिलांच्या पाया पडणारा, वेळेवर जेवणारा. तो तक्ता दिल्लीच्या इंडियन बुक डेपोचा. २०१४ मध्ये मुंबईच्या प्रियेश त्रिवेदीनं त्याच ढंगात नवी चित्रं काढली. तेच रंग, तोच शहाणा चेहरा, फक्त हा बाळ्या नशापाणी करतो आणि नियम धाब्यावर बसवतो. लोक तुटून पडले. कारण त्या तक्त्यानं आपल्या सगळ्यांना लहानपणी छळलं होतं. मूळ तक्त्याच्या चित्रकाराचं नाव मात्र तुम्हीआम्ही कधी विचारलं?

असो. आता कागलला येऊ.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत (हॉटेल डोळ्यासमोर आणू नका, हे सरकारी नाव आहे, चहा टपरीवरच मिळतो) एका कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर बसवायचं काम चालू होतं. नाव सांगत नाही. कोणत्या मशीनवर किती जॉब निघाले, किती रिजेक्ट झाले, याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनासाठी तिथं मोठं फ्लेक्स लागलं होतं. पिवळं हेल्मेट, हातात जाडजूड हातमोजे, अंगठा वर, दात दिसेपर्यंत हसू. ‘सुरक्षा प्रथम’.

फ्लेक्स लागलं होतं लेथच्या लाइनसमोर. आता ज्याला मशिनिंगची तोंडओळख आहे त्याला कळेल गंमत. लेथ, ड्रिल अशा फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नसतात. मोज्याचं टोक चकमध्ये अडकलं की पाठोपाठ हात जातो. १९४८ च्या कारखाने कायद्यातही, चालू यंत्राला तेलपाणी करणाऱ्याचे कपडे अंगासरशी घट्ट हवेत, असं कलम होतं. पण चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर लेथ नव्हतंच. त्यानं ‘कामगार’ काढला होता.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला. माणसाच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘हातमोजे घातलेत, आता भीती न्हाई.’ शेजारी लेथच्या चकचा फोटो, त्यावर, ‘ये की भावा, मिठी मारतो.’

मी खो खो हसलो, आणि मग हसू जरा घशात अडकलं. ज्या पोरानं हे बनवलं त्याला जे कळत होतं ते फ्लेक्सची ऑर्डर देणाऱ्याला कळलं नव्हतं. मीम वरपर्यंत पोचलं. पहिला प्रश्न काय आला असेल? ‘हे बनवलं कोणी?’ पोरं कशाला सांगतील! चार दिवसांनी मात्र फ्लेक्सखाली स्टिकर लागलं: फिरत्या मशीनवर हातमोजे वापरू नयेत.

खरी मजा पुढं आहे. पहिला विनोद चित्रावर होता. पुढच्या आठवड्यात चित्र मागं पडलं आणि नुसता माणूस कामाला लागला. ‘रविवारी ओव्हरटाइमला यायचंय’, खाली हा हसतोय. ‘बस निपाणीला भरूनच आली’, खाली हा हसतोय. आणि तिसऱ्या पायरीला मजकूरही गळला. कोणी काही विचारलं की नुसता तो अंगठा यायचा आणि पन्नास जणांना अर्थ कळायचा. माझ्या मते मीम इथं पक्कं होतं. तोवर तो विनोद असतो, नंतर शब्द होतो.

आणि अर्थ काय होता? त्या कारखान्यात परमनंट कामगारांना निळं हेल्मेट आणि कंत्राटी पोरांना पिवळं. चित्रकारानं पिवळा रंग उठून दिसतो म्हणून दिला असेल, पण इथं त्या एका रंगानं तो माणूस कंत्राटी झाला. वर्षानुवर्षं त्याच मशीनवर, परमनंटचं विचारलं की ‘बघू’, आणि तरी तोंडावर हसू ठेवायचं. साहेबासमोर उभं राहून हे बोलता येत नाही. अंगठा पाठवता येतो.

आमचं सॉफ्टवेअर तिथं छान चालतंय. कोण किती जॉब काढतो ते सेकंदासकट दिसतं. हेल्मेटचा रंग दिसत नाही. तसा रकानाच कोणी मागितला नव्हता.

पुढच्या वर्षी कारखान्यानं नवं फ्लेक्स लावलं. चित्र तेच, हातमोजे गायब, आणि हेल्मेट कंपनीच्या लोगोला शोभेल असं निळं. ग्रुपवर पाच मिनिटांत मेसेज आला:

‘ह्यो परमनंट झाला की रं! आपण कवा?’

खाली उत्तरादाखल अंगठे आले. सगळे जुन्या, पिवळ्या हेल्मेटवाल्याचे.