सहा तास आणि एक मिनिट

पीक विम्याची मुदत संपत आली की शिरपूर जैनसारख्या गावातल्या ऑनलाइन सेंटरवर उभं राहायला जागा नसते. सातबारा, आधार, पासबुक, सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि प्रिंटर दुकानात. मग गिऱ्हाईक दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करतं, व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतं, प्रिंट निघते. गिऱ्हाईक घरी जातं. त्याच्या चॅट दुकानातच उघड्या.

किती वेळ? दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी याला एक आकडा दिला. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई अशा अ‍ॅपना निर्देश गेला: नोंदणीचं सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं, आणि वेब आवृत्तीतून जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप लॉगआउट व्हावं. अंमलबजावणीसाठी मुदत दिली ९० दिवसांची. कारण रास्त आहे. सिम काढलं तरी खातं चालू राहतं, आणि परदेशात बसलेल्या टोळ्या भारतीय नंबरांवरून ‘डिजिटल अरेस्ट’चे सापळे लावतात.

मात्र घड्याळं दोन असतात. लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला एक टोकन देतो, म्हणून दर मेसेजला पासवर्ड लागत नाही. त्या टोकनाची मुदत लॉगिनपासून मोजता येते, नाहीतर माणसाच्या शेवटच्या हालचालीपासून. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत मधल्या सुरक्षा पातळीसाठी दोन्ही लावली: १२ तास, किंवा ३० मिनिटं काहीच हालचाल नाही तर त्याआधीच. कार्ड व्यवहारांचं पीसीआय मानक १५ मिनिटांच्या निष्क्रियतेवरच थांबतं. सहा तासांचा नियम पहिलंच घड्याळ बघतो. त्यामुळे सकाळपासून कामात असलेला ऑफिसातला क्लार्क दुपारी बाहेर फेकला जाणार, आणि सेंटरवर विसरलेलं खातं सहा तास मोकळं राहणार. आधारचा फोटो दुसऱ्या नंबरवर पाठवायला मिनिटही लागत नाही.

  

कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये या मुदतीची सेटिंग प्रशासकाच्या हातात असते. स्लॅकमध्ये सेशनची मुदत ठरवता येते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची सोय त्याहून शहाणी: ब्राउझरमधलं निष्क्रियतेचं बंधन फक्त कंपनीबाहेरच्या, अनोळखी कॉम्प्युटरांपुरतं ठेवता येतं. टायमर लावायचा तर असा, कॉम्प्युटर कोणाचा ते बघून. आणि हालचाल म्हणजे कीबोर्ड-माउसची. चॅटमध्ये मेसेज येतच राहतात; त्यांनाच हालचाल धरलं तर निष्क्रियतेचा टायमर कधी संपणारच नाही.

गावातल्या व्हॉट्सअ‍ॅपला प्रशासक कुठला? मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप तुटतात, पण रोज वापरात असलेल्या फोनला ते लागू होत नाही. सेंटरवाल्याने दर गिऱ्हाइकाला ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडून द्यावी आणि काम झालं की ती बंद करावी. सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद झाल्या की टोकनही जातं. डाउनलोड केलेली फाइल मात्र राहते, ती वेगळी डिलीट करावी लागते. गिऱ्हाइकानेही दुकानातून निघण्याआधी फोनमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून दुकानाचा ब्राउझर तिथून लॉगआउट करावा.