पाठीची कमान

पुढें वांकावयास मनुष्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. लिहितांना, जेवतांना, वडीलधाऱ्यांस नमस्कार करतांना आणि हल्लीं मोबाइलमध्यें डोकें घालतांना आपण पुढेंच वांकत असतों. मागें वांकण्याचा योग येतो तो जांभई देतांना. म्हणून साठीच्या उंबरठ्यावर आम्हीं ऊर्ध्वधनुरासन शिकण्याचें मनावर घेतलें, तेव्हां घरांत जो हंशा पिकला तो अगदींच अकारण नव्हता. शाळेच्या कवाइतींत यालाच चक्रासन म्हणतात, तालमींत कमान. उताणें निजून तळहात व तळपाय जमिनीवर रोवावयाचे आणि मधलें सारें शरीर धनुष्यासारखें उचलून धरावयाचें.

हौस म्हणाल तर ती नव्हती. होती ती धास्ती. आमच्या तीर्थरूपांची पाठ अखेरच्या वर्षांत इतकी वांकली होती कीं, समोर उभ्या असलेल्या सुनेचें तोंड पाहावयाचें तर त्यांस मान तिरपी करावी लागे. त्यांचीं हाडें ठिसूळ झालीं होतीं. तशा हाडांस हें आसन वर्ज्यच. वाढलेला रक्तदाब, हृद्रोग, हर्निया, मणक्यांतील सरकलेली गादी, गरोदरपण यांपैकीं कांहीं असलें तरीही या वाटेस जाऊं नये. आम्हीं आधीं हाडें तपासून घेतलीं आणि मगच एका बाईंच्या वर्गांत नांव घातलें.

बाई अय्यंगारांच्या परंपरेंतल्या. बी. के. एस. अय्यंगार १९३७ सालीं पुण्यास आले व पुढें तेथेंच राहिले. खुर्ची, लोड, लांकडी विटा, भिंतींतले दोर अशा साहित्याच्या आधारानें ताठर शरीरांसही आसनांत नेण्याची त्यांची हातोटी. चार महिने बाईंनीं आम्हांस कमान करूं दिली नाहीं. भुजंगासन, सेतुबंध, आणि लोडावर पाठ टाकून निजणें!

याचें कारण असें कीं, मणक्यांचेंही एकत्र कुटुंबच असतें. पाठीचे १२ मणके बरगड्यांशीं जखडलेले. ते मागें फारसे वांकत नाहींत. कमरेचे ५ त्या मानानें मोकळे. ज्या घरांत एक सून कधीं नाहीं म्हणत नाहीं, तेथें सारें ओझें तिच्याच डोक्यावर येतें. तसा कमानींतला सगळा वांक कंबर निमूट सोसते, आणि खांदे व जांघा खुशाल अंग चोरतात. पाहणारा म्हणतो, 'काय लवचिक शरीर!' दुखणें उमगतें तें रात्रीं. तेव्हां या अंगचोरांस आधीं कामास लावावयाचें, मग कमान.

पावलें समांतर, कमरेइतक्या अंतरावर. तळहात कानांशीं, बोटें खांद्यांकडे. श्वास सोडीत प्रथम टाळू टेकेल इतकें उठावें, पण भार हातांवर ठेवावा, मानेवर नव्हे; मग कोपरें सरळ करावीं. गुडघे बाहेर फांकले कीं कमरेवर ताण आलाच. मनगटें कुरकुरत असतील तर भिंतीशीं टेकविलेल्या विटांवर हात ठेवावे. श्वास कोंडला, कमरेंत टोंचलें, कीं खालीं यावें. उतरतांना हनुवटी छातीकडे घेऊन, कोपरें वांकवून पाठ टेकावी व तसेंच पडून राहावें. लगेच उठून ओणवें होण्याची घाई नको.

पांचव्या महिन्यांत एका सकाळीं आमचे हात सरळ झाले. दंड थरथरत होते. वर्गाच्या खिडकींतली तुळस उलटी दिसली आणि तिच्यामागें बरेंच आकाश. तेथला आमचा मुक्काम अद्याप दहा सेकंदांचाच आहे. आमची धाकटी नात उभ्यानेंच मागें हात टाकते आणि पुन्हां उभी राहते. तो धडा आम्हांस केव्हां, असें परवां बाईंस विचारलें. त्यांनीं आमचे खांदे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, आज लोडावरच निजा."