घोंगडीचा भाव

कर्जतच्या बाजारातून आज शिंदीच्या पानांची केरसुणी, मातीचा माठ आणि एक घोंगडी आणली. केरसुणी झिजली की उकिरड्यावर जाऊन माती होते, माठ फुटला तरी मातीच. पण मन अडकलं ते घोंगडीत.

आपला हा अवर्षणी मुलूख दख्खनी मेंढीचा. तिची लोकर धनगर कातरतात, मग ती पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि मागावर विणायचं. काळा रंग मेंढीचा स्वतःचा, त्यात रसायनाचा थेंब नाही. पावसात हिचीच खोळ होते, थंडीत पांघरूण. अंगाला टोचते खरी, पण वर्षानुवर्षं टिकते.

माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाने गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटशी तुलना करून भाव निम्म्यावर मागितला. फार वाईट वाटलं. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्याने पैसे मोजणारे आपण, विणकराच्या पुढ्यातच घासाघीस का करतो? आज कितीतरी मेंढपाळ लोकर अक्षरशः टाकून देतात, कारण कातरणीचा खर्चही निघत नाही.

विणकराला आधार कसा द्यावा, याचा दाखला जवळच आहे. शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरात विणकर वसवले, त्यांच्या मालाला आश्रय दिला. तिथले माग आजही चालू आहेत. आपल्या जिल्ह्याला आता त्यांचं नाव आहे. तेव्हा घोंगडी घ्याल तर सांगितला भाव द्या, आणि जमलं तर आणखी एकीची मागणी नोंदवून या.