आगीतून फुफाट्यात

शेकोटी पेटवायला काय, काडी ओढली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा स्वतः पेटवून बघावी. थर्मोडायनॅमिक्समध्ये डिस्टिंक्शन मिळवलेले मेकॅनिकलवाले मी बघितलेत, मनगटाएवढ्या ओंडक्याला काडेपेटीने पेटवायला बसलेले! अर्धी काडेपेटी संपते, सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागतात, आणि मग कुणीतरी बाइकमधलं पेट्रोल काढायची आयडिया देतो. (हा प्राणी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला पाणी आणायला लांब पाठवून द्यावं.)

खरं तर लाकूड थेट जळतच नाही. ते तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग अडीचशे-तीनशे डिग्रीच्या आसपास त्यातून ज्वलनशील वायू सुटायला लागतात, आणि आपल्याला जो जाळ दिसतो तो या वायूंचा. जाळाचा पिवळा रंग म्हणजे तापून चमकणारे काजळीचे कण. म्हणजे ओलं लाकूड टाकलं की सगळी उष्णता आधी पाणी उकळण्यात जाणार आणि आपल्या वाट्याला धूर येणार. बारीक काटकी मात्र पटकन तापते. म्हणून खाली सुका पाचोळा किंवा नारळाची शेंडी, त्यावर काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या, आणि त्यांनी नीट पेट घेतला की मगच मोठी लाकडं. मध्ये हवा खेळायला जागा हवी. सगळं गच्च रचलं की संपलं. कापराच्या दोन वड्या जवळ असतील तर उत्तमच; आईच्या देवघरातून ढापलेला कापूर मी गेली कित्येक वर्षं सॅकच्या वरच्या कप्प्यात बाळगतोय.

हे सगळं चुलीसमोर बसणाऱ्या कुठल्याही आजीला आपोआप येतं, हा भाग वेगळा.

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही पाच जण राजमाचीला गेलो होतो. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे चालत. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या खाली उधेवाडी नावाचं छोटं गाव आहे, तिथे एका मावशींकडे जेवायची आणि झोपायची सोय केली होती. शेकोटीही त्यांच्याच अंगणात, त्यांना विचारून. लाकडाची मोळी त्यांच्याकडूनच विकत घेतली. गडावर किंवा रानात आग पेटवायची नाही हा आमचा नियम आहे. एकतर राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत तोवर वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी पुरते. वणवा लागला की गुरांचा चारा जातो, जमिनीवरची घरटी जातात, नवीन लावलेली रोपं जातात. आणि आपण तोपर्यंत घरी पोचून फोटो अपलोड करत असतो. अजून एक गोष्ट नवख्यांसाठी: शेकोटीभोवती मांडायला ओढ्यातले ओले दगड आणू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

हल्ली पवनेच्या काठावर तंबूच्या पॅकेजमध्ये 'कॅम्पफायर' मिळतो. बार्बेक्यू आणि म्युझिकच्या मधल्या ओळीत लिहिलेला असतो. पोरगा येतो, डिझेल ओततो, भडका उडतो, सगळे सेल्फी काढतात, वीस मिनिटांत खेळ खलास. ज्याला आवडतं त्याने जरूर करावं, पण मला विचाराल तर ती शेकोटी नव्हे. शेकोटी म्हणजे दर पाच-दहा मिनिटांनी कुणालातरी उठायला लागलं पाहिजे. हे लाकूड आत सरकव, ते जरा बाहेर ओढ, तिकडून फुंकर मार. आणि प्रत्येकाला वाटत असतं की शेजारचा चुकीचं सरकवतोय.

थंडी मस्त होती. पुढून भाजून निघतोय आणि पाठ गारठलीये, अशी अवस्था. शेकोटीची ऊब मुख्यतः समोरून किरणांनी येते, हवा तापते ती सरळ वर निघून जाते, त्यामुळे पाठीला काही मिळत नाही. मग थोड्या थोड्या वेळाने सगळे पापडासारखे उलटे होत होते. गाणी झाली, भेंड्या झाल्या, मॅनेजर लोकांच्या नकला झाल्या. अकराच्या सुमारास मोठा जाळ बसला आणि खाली लालबुंद निखारे उरले. शेकोटीची माझ्या मते सगळ्यात भारी वेळ हीच. कडेच्या गरम राखेत, म्हणजे फुफाट्यात, आम्ही रताळी पुरली. जाळावर रताळं वरून कोळसा आणि आतून कच्चं राहतं. फुफाट्यात पाऊण तास सोडून दिलं की मऊसूत होतं.

आमच्यातला एक जण पहिल्यापासून कमी बोलणारा. हॉस्टेलवर चार वर्षं आम्ही एका खोलीत होतो. तो काठीने रताळी उकरत होता. उकरता उकरता, वर न बघताच म्हणाला, "आगीतून फुफाट्यात म्हणजे काय, ते मला आता बरोबर माहितीये."

आम्हाला वाटलं रताळ्याचा जोक आहे.

मग त्याने हळूहळू सांगितलं. जूनमध्ये जुन्या कंपनीतल्या कटकटीला कंटाळून त्याने एका स्टार्टअपमध्ये उडी मारली, हे आम्हाला माहीत होतं. पार्टीही घेतली होती आम्ही. सप्टेंबरमध्ये त्याची अख्खी टीम दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर घरी पाठवली गेली, हे माहीत नव्हतं. घरीही माहीत नव्हतं. तीन महिने तो रोज सकाळी साडेआठला लॅपटॉपची बॅग घेऊन निघत होता, आणि सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीच्या पोरांमध्ये जाऊन बसत होता. संध्याकाळी सातला घरी. आई विचारायची, आज लवकर आलास? फ्लॅटचा हप्ता साठवलेल्या पैशातून जात होता आणि ते फेब्रुवारीपर्यंत पुरणार होते.

एरवी हे त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर दोन मिनिटांत आम्ही चौघांनी 'सीव्ही पाठव', 'होईल रे सगळं नीट' वगैरे टाकून मोकळे झालो असतो. कॉफी शॉपमध्ये समोरासमोर बसून त्याने हे सांगितलंच नसतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते बघत बसावं लागतं ना. इथे सगळे निखाऱ्यांकडे बघत होते. गप्प बसलं तरी अवघड वाटत नव्हतं, कारण आग काहीतरी करतच असते, चटचट आवाज येतच असतो. एक जण उठला आणि त्याने एक बऱ्यापैकी मोठं लाकूड शेकोटीत सरकवलं. म्हणजे आता लवकर झोपायचं नाही.

बऱ्याच वेळाने दुसऱ्याने विचारलं, "अभ्यासिकेत एसी आहे का रे?"

"एसीचे चारशे जास्त घेतात," तो म्हणाला, आणि सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच असावं असं हसला. त्यानंतर तो दीड तास बोलत होता. एवढं तो हॉस्टेलच्या चार वर्षांत मिळूनही बोलला नसेल. बाबांना कसं सांगायचं हाच त्याचा खरा प्रश्न होता. नोकरीचं त्याला एवढं वाटत नव्हतं. त्यावर आमच्याकडेही उत्तर नव्हतं. रताळी मात्र अप्रतिम झाली होती.

झोपायच्या आधी मी पाण्याची बादली उचलली. आग विझवायची पद्धत अशी की पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, आणि हाताला गरम लागेनासं होईपर्यंत हलायचं नाही. पण मावशी दारातून ओरडल्या, "पाणी नका ओतू, पोरांनो. राखंखाली दाबून ठिवा, सकाळी च्याला इस्तू लागंल." त्यांनी स्वतः येऊन निखारे गोळा केले, वरून राख ओढली आणि एक जुनी घमेली पालथी घातली. राखेखाली हवा कमी पोचते आणि उष्णताही बाहेर जात नाही, त्यामुळे निखारा रात्रभर टिकतो. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी फक्त वाटलं, अरे, असंही असतं तर.

सकाळी उठून बाहेर आलो तर तो चुलीपाशी फुंकणी घेऊन बसला होता. खोकत होता. मावशी त्याला म्हणत होत्या, "हळू फुंक रं बाबा, समदी राख उडतीया." राखेखालचा इंगळ लाल व्हायला लागला होता. चहा झाला. कपात ओततोय तेवढ्यात तो फोन घेऊन उठला आणि रेंज शोधत भैरवनाथाच्या देवळाकडे चालायला लागला. बराच वेळ आला नाही. आम्ही त्याचा चहा परत पातेल्यात ओतला आणि निखाऱ्यावर ठेवून दिला.