टर्बो, टाइमर आणि सूर्यास्ताची घाई



आजचा विषय वाचून हसाल. गाडीच्या इंजिनावर मी लिहीन असं मला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं. पण आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या दारात आता टर्बोची गाडी उभी आहे, आणि आमच्या घरी जे झालं ते आपल्या रात्रीभोजन त्यागाशी जोडलेलं आहे. म्हणून लिहिते.

लेक पुण्यात दिली आहे, त्यामुळे पुणे-सांगली वारी ठरलेली. दुपारी निघायचं ठरतं, पण नातवाला सोडवत नाही, लेक आणखी एक डबा भरून देते आणि निघेपर्यंत उशीर होतो. मग सगळा रस्ता एकच हिशेब चालतो, सूर्य किती वर आहे. हिवाळ्यात तर सहाच्या सुमाराला मावळतो. हे शंभरच्या वेगानं गाडी हाणतात, मी खिडकीतून ऊन बघत बसते. दहा-पंधरा मिनिटं उरली की हायवेच्या कडेला झाड बघून गाडी थांबते, तोवर ह्यांनी किल्ली फिरवलेलीसुद्धा असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गाळलेल्या पाण्याची बाटली. बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून भराभर जेवण. बॉनेट इतकं तापलेलं असायचं की चटणीतलं तेल सुटायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं आणि आम्हाला त्यात अभिमानच वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी चढावर गाडी ओढेना. शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मागून निळसर धूर. मिस्त्रींनी उघडून दाखवलं तर टर्बोचा दांडा हातानं हलत होता आणि आत काळ्या कोळशासारखी खपली. बिल ४०,००० च्या घरात गेलं. मिस्त्रींनी पहिला प्रश्न मलाच विचारला, "वहिनी, गाडी थांबली की लगेच किल्ली फिरवताय का?" आम्ही दोघंही गप्प.

मग त्यांनी समजावलं ते मला स्वयंपाकघरातूनच कळलं. टर्बो म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी एक लोखंडी डबी. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर तिच्यातलं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तेलाच्या पातळ थराचा. लांब चढावर डिझेलचा धूर ७०० अंशांच्या आसपास जातो. इंजिन चालू आहे तोवर तेल वाहतं आणि उष्णता घेऊन जातं. किल्ली फिरवली की तेलाचा पंप थांबतो, पण लोखंड लगेच थोडंच थंड होतं? जागच्या जागी थांबलेलं तेल त्या तापल्या लोखंडाला चिकटून करपतं.

बासुंदी केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. गॅस बंद केला म्हणून ढवळणं थांबवलं की जाड बुडाच्या पातेल्यात ती खाली लागतेच. आच गेली तरी भांडं तापलेलंच असतं. मी गॅस बंद केल्यावरही चार मिनिटं डाव फिरवत उभी राहते, आणि गाडीत तेच उलटं करत होतो.

मात्र मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट विचारली, ती मला जास्त लागली. ऑइल कधी बदललं? घरखर्चाची वही माझ्याकडे असते. पानं उलटून पाहिली तर सर्व्हिसिंग पाच महिने पुढे ढकललेलं. आधी लेकीचं बाळंतपण होतं, मग पर्युषण. प्रत्येक वेळी "पुढच्या महिन्यात" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मिस्त्री म्हणाले, घाईनं बंद केल्यापेक्षा जुन्या, घाण तेलानं मेलेले टर्बो मी जास्त बघतो. ह्यांना वेगाबद्दल बोलायला मी मोकळी होते, पण वही माझी होती.

तर आता टाइमरची गोष्ट. नवा टर्बो बसल्यावर आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून हे यंत्र मागवलं. किल्ली काढली, दार लावलं आणि तुम्ही निघून गेलात तरी ते इंजिन ठरलेली एक-दोन मिनिटं चालू ठेवतं, मग आपोआप बंद करतं. जपानी वेगवान गाड्यांना ते पूर्वी हौसेनं लावायचे. तेव्हाच्या बऱ्याच टर्बोंना फक्त तेलाचाच थंडावा होता, त्यामुळे त्याला अर्थही होता. आता अनेक टर्बोंभोवती रेडिएटरचं पाणीही खेळवलेलं असतं. इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर चढतं, थंड पाणी त्याची जागा घेतं आणि काही वेळ उष्णता निघत राहते. काही गाड्यांना त्यासाठी विजेचा वेगळा पंपच असतो. सिंथेटिक तेलही उष्णता जास्त सोसतं. नव्या टर्बोच्या गाड्या तर सिग्नलला स्वतःच इंजिन बंद करतात. कंपनीला टर्बोची इतकी काळजी वाटली असती तर तिनं हे केलं असतं का?

ह्यांना टाइमर आवडला होता, कारण थांबावं न लागता काम होणार होतं. मला तो नको होता. एक तर आमची गल्ली उताराची, आम्ही गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावतो. टाइमर लावला तर गाडी न्यूट्रलमध्येच ठेवायला हवी, नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर, आणि आजूबाजूला पोरं खेळत असतात. पत्र्याच्या बंद शेडमध्ये गाडी चालू राहिली तर तो धूर जीव घेणारा. वायरी कापून जोडणी करायची म्हणजे वॉरंटीचाही प्रश्न.

दुसरं कारण सांगितलं तेव्हा चिरंजीव हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडं तोडणं. गावात दळण आणायला गेले, तीस-चाळीसच्या वेगानं परत आले, तर इंजिन तापलेलंच नसतं. तरीही टाइमर दर वेळी दोन मिनिटं डिझेल जाळणार. त्याला चढ कळत नाही आणि दळणही कळत नाही. जिथं थांबणं गरजेचं आहे तिथं मी जरूर थांबेन. जिथं नाही तिथं धूर कशाला?

गरज कधी असते ते आता आम्हाला पाठ झालं आहे. खंबाटकी घाट भरल्या गाडीनं चढून माथ्यावरच थांबायचं असेल, तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं. घाट उतरून खाली थांबलो तर तेवढीही गरज नाही, उतारावर जोर पडत नसल्यानं टर्बो निवलेला असतो. हायवेवर शेवटचे दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवला तरी चालतं. गाडीचं पुस्तक आधी वाचायचं, तुमच्या गाडीला वेगळं काही सांगितलं असेल तर तेच खरं.

सुरुवातीला मी त्या मिनिटात णमोकार म्हणायचे. नऊ वेळा शांतपणे म्हटलं की वेळ बरोबर भरायची. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "मंत्र मनापासून म्हण. इंजिनासाठी समोर घड्याळ आहे की." खरंच आहे, डोळे मिटून अर्धं लक्ष तेलाकडेच असायचं! आता घड्याळ बघते आणि तेवढ्यात डब्यांची पिशवी वर काढते.

टाइमर परत पाठवला. वहीत ऑइलची तारीख लाल शाईनं लिहिली. आणि पुण्याहून निघायची वेळ एक तासानं अलीकडे आणली, ते मात्र सगळ्यात अवघड गेलं. लेक दोनदा रुसली. गेल्या महिन्यात येताना कऱ्हाडच्या अलीकडे हळूहळू येऊन थांबलो. हे मिनिटभर बसून राहिले, मग किल्ली फिरवली. ऊन चांगलं हातभर वर होतं. बॉनेटवर डबे मांडले नाहीत, झाडाखाली सतरंजी टाकली, आणि दशमी प्रत्येक घासाला चावून खाल्ली.