दार लोटून घ्या

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यापर्यंत छपन्न पायऱ्या आहेत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आई त्या तीनच कारणांसाठी उतरते: डॉक्टर, गणपती आणि मतदान. २० मे २०२४ ला, लोकसभेच्या वेळी, मंडळाच्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. तेव्हा ती ८७ वर्षांची होती. मेचा उकाडा, शाळेच्या पटांगणातली रांग. घरी आल्यावर दोन दिवस ती उठली नाही. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरी बसून मत देता येतं, हे मी पेपरात वाचलं होतं. अर्जाची मुदत मात्र ‘उद्या बघू’ म्हणत घालवली होती.

विधानसभेला ती चूक करायची नाही असं ठरवलं. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला, आणि गृहमतदानाचा १२-ड अर्ज त्यानंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर मॅडम अर्ज घेऊन आल्या तेव्हा दिवाळीच्या फराळाची गडबड होती. आई चकलीचं पीठ मळत होती. तिने हात न धुताच निकाल दिला, ‘‘मत द्यायला माणसानं जायचं असतं. ते काय घरी यायला पोस्टमन आहे?’’

मग १९५७ निघालंच. त्या निवडणुकीत सगळं गिरणगाव संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटलेलं, आणि ही २० वर्षांची. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. तो राग तिचा अजून गेलेला नाही. पहिलं मत दिलं १९६२ ला, सासूबाईंबरोबर, ठेवणीतलं नऊवारी नेसून. तेव्हापासून मतदान म्हणजे तिच्या लेखी सणच, आणि सण काय कोणी घरात कोंडून घेऊन साजरा करतं?

बीएलओ मॅडम शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी शांतपणे समजावलं. ‘‘आजी, सक्ती नाही. पण एकदा हा अर्ज मंजूर झाला की यादीत तुमच्या नावापुढे पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, लागतं. मग केंद्रावर आलात तरी तिथे मत देता येणार नाही. नीट विचार करा.’’ आईने रात्रभर विचार केला आणि सकाळी सही केली. म्हणाली, ‘‘त्या पोरांच्या कमरेसाठी करतेय हं.’’

बंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीला हे फोनवर सांगितलं, तर ती उसळली, ‘‘मग मला का नाही?’’ तिला नाहीच. टपाली मत सैन्यातल्यांना, निवडणुकीच्या ड्यूटीवरच्यांना, ८५ च्या पुढच्यांना, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि अशा काही मोजक्यांना मिळतं. बाकीच्यांनी रेल्वेचं तिकीट काढावं.

मतदानाच्या आठवडाभर आधी पथक आलं. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. उमेदवारांना आधी कळवलेलं असतं, त्यामुळे एका पक्षाचा मुलगाही पायऱ्या चढून आला होता. छपन्न पायऱ्यांनी सगळ्यांना सारखंच दमवलं. आई मात्र तेच ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून कॉटवर तयार होती.

अधिकाऱ्यांनी शिलाई मशीनवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मतपत्रिका, पेन आणि दोन लिफाफे दिले. पत्रिकेवर एकाच नावापुढे खूण करायची, सही करायची नाही, नाहीतर मत बाद. पत्रिका आतल्या लिफाफ्यात घालून तो चिकटवायचा, आणि सही केलेलं घोषणापत्र त्याच्यासोबत बाहेरच्या लिफाफ्यात. घोषणापत्र नसेल किंवा त्यावर सही नसेल, तर मोजणीच्या वेळी आतला लिफाफा उघडतच नाहीत.

आईचा हात थरथरतो. ते बघून अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘‘आजी, मदतीला कोणी हवंय का?’’ मी पुढे सरकलो.

‘‘नको. ह्याला बाहेर काढा,’’ आई म्हणाली. ‘‘आणि बाळांनो, तुम्हीसुद्धा जरा तिकडे तोंड करा. दार लोटून घ्या.’’

मी, बायको, मुलगा, पक्षाचा मुलगा आणि निम्मा मजला कठड्याला टेकून उभे राहिलो. एकशेऐंशी चौरस फुटांची खोली. तिथे आमची पाच भावंडं वाढली, माझं लग्न झालं, बाबा गेले. ती खोली अशी फक्त आईची झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. चार-पाच मिनिटं गेली असतील. आत खोकल्याचा आवाज आला, मग लिफाफा चिकटवून तळहाताने दाबल्याचा.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारलं, कोणाला दिलंस? ती म्हणाली, ‘‘दार कशाला लोटलं होतं मग?’’

२० नोव्हेंबरला आम्ही खाली उतरलो. ती गॅलरीतून बघत राहिली. थोडी हिरमुसली होती, तसं बोलली मात्र नाही.

२३ तारखेला सकाळी आठच्या आधीच टीव्ही लावून बसली. टपाली मतं आधी मोजतात, हे त्या अधिकाऱ्यांकडून तिने नीट विचारून घेतलं होतं. यंत्रांची मोजणी सुरू झाल्याचं निवेदक ओरडू लागला, आम्ही सरसावून बसलो, तर तिने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

‘‘अगं, आता तर सुरू होतंय!’’

‘‘तुमचं. माझं झालं मोजून,’’ असं म्हणून ती चहा टाकायला उठली.