दोन तिरक्या रेघा

नातवाने मागच्या दिवाळीत माझ्या मोबाईलवर गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप घालून दिलं. सकाळी आठला आणि रात्री नऊला घंटा वाजते. छान आहे, मी ते बंद केलेलं नाही. पण खरं सांगायचं तर आमचं घर चालतं ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कालनिर्णयवर आणि त्याच खिळ्याला सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीवर.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं. तिथी, एकादशी, संकष्टीचा चंद्रोदय यासाठी ते लोक घेत असतील. घरोघरच्या बायकांनी मात्र त्याची हिशेबाची वही करून टाकली. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, इस्त्रीला दिलेले कपडे. आमच्याकडे महिनाअखेरीस दूधवाल्याशी वाद होत नाही. 'सतराला अर्धा लिटर जास्त' हे भिंतच सांगते, त्यालाही आणि मलाही.

पेन्सिलच का, असं भाचीने विचारलं होतं. अगं, भिंतीवरच्या कागदावर बॉलपेन चार अक्षरांत रुसतं. शाई खाली उतरत नाही ना! आणि सुतळी अशासाठी, की मोकळी पेन्सिल घरात कधी जागेवर सापडली आहे का?

ही सवय मला शाळेने लावली. आमच्या शाळेत हजेरीच्या कॅटलॉगमध्ये सकाळच्या सत्राला एक तिरकी रेघ आणि दुपारच्या सत्राला तिला छेदणारी दुसरी, अशी दोन्ही मिळून फुली व्हायची. मूल समोर दिसल्याशिवाय रेघ मारायची नाही. काही जण शिक्षकखोलीत बसून आठवून आठवून कॅटलॉग भरत. आमचे मुख्याध्यापक मग तिसऱ्या तासाला वर्गात येऊन गुपचूप डोकी मोजत आणि फुल्यांशी ताडून बघत. पुढचं सांगायला नको.

तर हीच फुली तीन वर्षांपूर्वी कालनिर्णयवर आली. यांना विसर पडू लागला होता. चष्मा, किल्ल्या इथपर्यंत ठीक होतं, पण रक्तदाबाची गोळी घेतल्याचं अर्ध्या तासात विसरायचे आणि पुन्हा डब्याकडे हात जायचा. ती गोळी दोनदा पोटात गेली तर घेरी येऊन पडायची भीती. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांच्या घरी पाहिलं आहे.

म्हणून नियम केला. सकाळची गोळी गिळली की एक रेघ, रात्रीची गिळली की दुसरी. आधी गोळी, पाणी, मग रेघ, उलटं नाही. आणि रेघ यांनीच मारायची, मी नाही. मी मारली असती तर ते माझं सांगणं झालं असतं, आणि बायकोच्या सांगण्यावर वाद घालता येतो!

एका रात्री घातलाच. "मी गोळी घेतलेलीच नाही, तू उगाच म्हणतेस," आवाज चढलेला. मी काही न बोलता त्यांना कालनिर्णयपाशी नेलं. बराच वेळ पाहत राहिले. "ही रेघ माझीच आहे," म्हणाले आणि हातातली गोळी डब्यात परत ठेवली.

मोबाईलची घंटा इथे कमी पडते. आता गोळी घ्या, एवढं ती सांगते. घेतली की नाही हे तिला ठाऊक नसतं. नातू म्हणतो, "आजी, त्यातही टिक करता येते." येते रे बाबा, पण ती माझ्या मोबाईलमध्ये राहते. मी बाजारात गेले की मोबाईल माझ्याबरोबर जातो. भिंत घरीच असते. मुलगी पुण्याहून चार दिवस राहायला येते, तिलाही काही समजावून द्यावं लागत नाही.

गेल्या तपासणीला मी मागच्या वर्षीचं कालनिर्णयच पिशवीत घालून नेलं. डॉक्टरांनी एकेक महिना उलटून पाहिला. अर्धवट फुल्या बहुतेक संध्याकाळच्या निघाल्या, तेव्हा त्यांनी काही गोळ्या सकाळवर आणल्या. मग जानेवारीचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी शेजारी धरून ते थोडा वेळ गप्प बसले. मी तोवर फक्त रेघ आहे का एवढंच बघत आले होते, ती कशी आहे ते नाही. जानेवारीतल्या रेघा चौकोनात नेमक्या बसलेल्या, डिसेंबरातल्या थरथरत शेजारच्या तारखेत शिरलेल्या.

यंदा मी मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर आणलंय. तिथी मात्र त्यात नीट वाचता येत नाहीत, म्हणून कालनिर्णय त्याच्या शेजारी दुसऱ्या खिळ्यावर आहे. सुतळीला आता जाड शिसाची पेन्सिल आहे, सुताराकडे असते तशी चपटी. हातातून गळून पडली तरी घरंगळत नाही.